चटईखाली
पहाटेपासून सासरे अंगणात डोक्यावरून विणलेली चटई पांघरून बसले होते. आम्हा सामोअन लोकांत अपराधी असाच बसतो. दुखावलेल्यानं चटई उचलली की माफी. आतड्याच्या कॅन्सरचा दोष त्यांच्या रक्तातून माझ्या नवऱ्यात उतरला, एवढाच त्यांचा गुन्हा. “वाळू दे थेरड्याला!” नवरा खिडकीतून ओरडला. “त्याच दोषामुळे शरीराला गाठ परकी वाटली, म्हणून इम्युनोथेरपी लागू पडली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना?” मी म्हटलं. “मग काय, हार घालू त्याला?” इतक्यात दवाखान्याचा फोन आला. आमच्या लेकीच्या, तेउइलाच्या तपासणीतही तोच दोष निघाला होता. ती दारात वेणी घालत होती. नवरा तिच्याकडे बघत राहिला, मग अंगणात जाऊन त्यानं चटई उचलली. म्हाताऱ्यानं आशेनं मान वर केली. “सरक तिकडे,” नवरा खेकसला, आणि पोरीकडे तोंड करून स्वतःच चटईखाली शिरला.