माहेरवाशीण

रेश्माचं लग्न ठरलं तेव्हा गावचा तलाव ठणठणीत कोरडा होता. सोयरीक तलावापलीकडच्या गावातली. तिची आई छबूबाई ज्याला त्याला सांगायची, "हाकेच्या अंतरावर दिली पोरगी. तळ्यातनं चालत येईल." आणि रेश्मा यायचीही, दर महिन्याला, भेगाळलेल्या तळातून.

यंदा तलाव भरला, सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, आणि रेश्माची वाट बुडाली.

"आता कशी येऊ गं?" तिनं फोनवर विचारलं.

शेजारच्या चांदभाईंची मासेमारीची होडी इतकी वर्षं अंगणात पालथी पडून होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. चांदभाईंनी कोंबड्यांना हुसकलं, होडी पाण्यात लोटली आणि रेश्माला आणायला गेले.

ते परतले तेव्हा काठावर छबूबाई नवी साडी, खण, नारळ आणि तांदूळ घेऊन उभी होती. रेश्मा होडीतून उतरली आणि तिनं हसत आईपुढे पदर पसरला. छबूबाई तिला वळसा घालून गुडघाभर पाण्यात शिरली. खण, नारळ, साडी, सगळं तिनं पाण्यात सोडलं आणि हात जोडले.

"आई, एवढी होडीत बसून मी आले, अन् ओटी तळ्याची भरतीस व्हय?" रेश्मा फुगली. चांदभाई वल्हं टेकवून हसत होते.

छबूबाईनं लेकीच्या गालावरून ओला हात फिरवला.

"तू तर दर म्हैन्याला येतीस, बाई. गंगा किती वर्सांनी म्हायेरी आली, बघ की."