काळ्यावर ये
प्रिंटरची खोड साऱ्या इस्पितळाला ठाऊक होती. वॉर्डातल्या नोंदीनुसार जिवंत रुग्णाची चिठ्ठी काळ्या शाईत यायची, गेलेल्याची लाल. पण लाल छापल्यावर संगणकाने ‘काळ्यावर ये’ हा कोड पाठवला नाही, तर पुढच्या धडधाकट माणसाचीही चिठ्ठी लालच निघायची. म्हणून वॉर्डात भरती असलेल्या स्वतःच्या भावाची चिठ्ठी लाल आली तेव्हा ऑपरेटर खिडकीबाहेर उभ्या वहिनीकडे बघून हसलाच. “वहिनी, घाबरू नका, आधीच्याचं लाल राहिलंय. परवा प्लास्टर घालायला आलेल्या शिपायालाही यानं मारलं होतं!” वहिनीला रडता रडता हसू फुटलं. “फोडून टाका हो भावोजी, मेल्याला!” त्याने कोड पाठवला: काळ्यावर ये. खात्रीसाठी एक ओळ छापली. काळी. “बघा, आला ताळ्यावर!” मग भावाची चिठ्ठी पुन्हा छापायला टाकली. ओळीओळीने वर आली. लाल. त्याने ती मुठीत चुरगळली. खिडकीबाहेरून वहिनी विचारत होती, “आली ना काळी?”