वॉकरची रबरं

पहिलं पाऊल टाकायच्या आधीच वॉकर फरशीवरून सर्रकन पुढे गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आईला काखेत धरून पलंगावर टेकवलं, म्हणून नुकतं सांधलेलं खुब्याचं हाड वाचलं.

"अहो, याच्या पायांची रबरं कुठायत?" बाईंनी वॉकर उलटा केला. चार नळ्यांची चार उघडी तोंडं. "नवाकोरा आहे ना हा?"

नवाकोराच होता. ऑपरेशननंतर आईला घरी आणलं तेव्हाच आणलेला, आणि महिनाभर भिंतीला टेकून उभा. आईने त्याचं नाव घोडा ठेवलं होतं. सासऱ्याला, नवऱ्याला, दोन दिरांना कधी न भ्यालेली ती, चार पावलांना भीत होती. आज सकाळी मात्र आपण होऊन सुनेला म्हणाली, "काढ गं तो घोडा. तुझ्या हातून भांडं घ्यायचा वीट आला मला. संडासला माझी मी जाणार."

सून पलंगाखाली वाकून बघून आली, दाराआड बघून आली, मग बाहेरच्या खोलीत गेली. तिथे रेकॉर्ड लागली होती. परत आली ती रिकाम्या हाताने, मान खाली घालून.

"सापडली?" बाईंनी विचारलं.

"सापडली. यांच्या रेकॉर्ड प्लेअरखाली आहेत."

मागोमाग लेक आलाच. तो शरमला असता तर आईने पोटात घातलंही असतं. पण स्वारी खुशीत होती.

"मॅडम, तुम्ही एकदा ऐकाच," तो बाईंना म्हणाला. "घरात कुणी चाललं की सुईला हादरे बसायचे. बुचाचे तुकडे लावले, चेंडू अर्धा कापून लावला, खोडरबरं लावली. काही उपयोग नाही. त्यासाठी खास पाय मिळतात, पण किंमत विचारू नका. आणि ही रबरं बघा, अगदी मापात बसली. सगळे हादरे गिळून टाकतात."

घोडा अजून बाईंच्या हातात उलटाच होता.

"कधी काढलीस?" आईने विचारलं.

"झाले की बरेच दिवस. आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी. पडूनच होता ना, आई."

दुसऱ्या दिवशी. रोज सकाळी चहाचा कप देताना हाच उशाशी उभा राहायचा. केसांवरून हात फिरवायचा. "आज चालायचं हं, आई. तू चालणार बघ." एक सकाळ चुकली नव्हती. तो हात आठवला आणि तिला शिसारी आली. पेलाभर दूध पिऊन झाल्यावर तळाशी पाल दिसावी, तशी.

"तू चालत नव्हतीस म्हणून घेतली गं," आता तो जरा वरमला. "चालणार असतीस तर हात लावला असता का मी?"

"म्हणजे मी उठत नाही, हे तू धरूनच चालला होतास."

"तसं नाही."

"मग कसं?"

तो बाहेर गेला. गाणं मध्येच थांबलं. चारही रबरं सदऱ्याला पुसत तो आला आणि घोड्यापाशी उकिडवा बसला. "दे, मी लावतो."

"तू हात लावू नकोस," आई म्हणाली. "तिला लावू दे."

सुनेने एकेक रबर नळीवर चढवलं, तळव्याने ठोकून घट्ट केलं. बाईंनी घोडा दाबून, हलवून बघितला. आई उठली. ओठ दातांत धरून तिने घोडा पुढे टाकला. या वेळी तो जागचा हलला नाही. मग पाय. मग पुन्हा घोडा.

"बघ, मी रोज सांगत नव्हतो?" लेक दारात उभा राहून म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलं नाही.

"छान, आजी," बाई म्हणाल्या. "आता डावीकडे वळू. संडासला जायचं म्हणाला होतात ना?"

"ते मागाहून. याला दारातून सरकायला सांगा. आधी त्याच्या त्या गाण्याच्या पेटीपर्यंत जायचंय मला."