उसाचा तुरा

केरबाची सून रंगू हातात आकडी घेऊन उंब्रजच्या मळ्यात उसाचे तुरे मोडत सुटली होती. बारीक बारीक फुलांच्या झुबक्यांनी भरलेला एकेक तुरा ती ओढून काढी आणि पायाखाली तुडवी. पाल्यानं दोन्ही हात चिरले होते.

केरबा बांधावरून ओरडला, "आगं, तुरा मोडून ऊस मागं फिरतोय व्हय? लोक हसत्यात!"

"हसू द्या, मामंजी. लढाईवर जाताना त्येनी सांगून गेल्यात, उसाला तुरा यायच्या आत परत येतो म्हणून."

केरबा सरीत उतरला. त्यानं तिच्या हातातली आकडी काढून घेतली.

"सडकंकडलं आदी मोडू," तो म्हणाला. "येताना त्येला दिसाया नगंत."