वीतभर हिरवळ

शहरातल्या हिरव्या जागांच्या प्रदर्शनासाठी संग्रहालयाने आम्हा कॉलेजच्या पोरांना बागेतून हिरवळीचा एक चौकोन कापून आणायला सांगितलं होतं. बोटभर जाड पुरे, असं संग्रहालयाच्या मॅडमनी बजावलं होतं. काचेच्या पेटीत ऐटदार दिसावा म्हणून आम्ही शहाण्यांनी तो वीतभर खोल कापला.

दुसऱ्या दिवशी काच आतून धुरकटली होती. पुसायला गेलो तर फडक्याला पिवळट, तेलकट चिकटा लागला. वास मातीचा नव्हताच. झोपेतून उठलेल्या, न धुतलेल्या तोंडाचा होता. माती हाताला कोमट लागली.

"ही घाण आजच परत नेऊन टाका," मॅडम नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "उद्या उद्घाटन आहे."

माळ्याने खड्डा बुजवला नाही ना, हे बघायला मी आणि आमच्यातला चष्मिश आधी बागेत गेलो.

खड्डा बुजवलेला नव्हता. तो भरून आला होता. वर तपकिरी, कडक खपली धरली होती आणि कडेने ती ओली, गुलाबी होती.

"ई! गुडघा फुटल्यावर येते तशीच!" चष्मिश म्हणाला. पण खपली दिसली की त्याचा हात कधीच आवरत नाही. त्याने नखाने कोपरा उचकटला.

माझा फोन वाजला.

"अरे, काय करताय तुम्ही तिथं?" मॅडमचा आवाज कापत होता. "या मातीवर काटा आलाय!"

"थांब!" मी ओरडलो. तोवर खपली चष्मिशच्या हातात आली होती, आणि फोनमध्ये मॅडम किंचाळायच्या आधी दुसरंच कुणीतरी कळवळलं.