नाव झाकलेलं पान

"शाईच्या डागांत काय दिसलं तेवढं सांगा, माणूस ओळखून दाखवतो," डॉ. केंकरे व्यासपीठावरून म्हणाले. कॉलेजात त्यांना मानसशास्त्र शिकवलेल्या देवस्थळीबाईंनी एक पिवळं पडलेलं उत्तरांचं पान पुढे केलं. नावावर चिकटपट्टी होती.

याच डागांच्या चाचणीवरून केंकरेंनी बाईंच्या लेकीला हिंसक ठरवलं होतं आणि कोर्टाने नातू तिच्या कुशीतून काढून बापाकडे दिला होता. ती बाईंची लेक, हे केंकरेंच्या गावीही नव्हतं.

त्यांनी पान वाचलं. "आतल्या गाठीचा, क्रूर माणूस. याच्या हाती मूल देऊ नये."

"नक्की?"

"लिहून देतो, बाई!"

बाईंनी चिकटपट्टी सावकाश सोलली. "वर्गात तुम्ही एकमेकांची चाचणी घ्यायचात. अक्षर तुझ्या जोडीदाराचं, उत्तरं तुझी. वाच नाव."

केंकरेंनी वाचलं; नाव त्यांचंच होतं. बाईंनी पेन पुढे केलं.

"दे आता लिहून. कोर्टात लागेल."