पिवळी पाटी

स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवर लिहिलं होतं, ‘तळं: दोन तास’. झुरिकहून येणारे पर्यटक वर पोचून धापा टाकत तक्रार करायचे, म्हणून गावसभेनं मला ‘सव्वादोन’ची पाटी लावायला सांगितलं. लादिना आजी खवळल्या. “माझ्या नवऱ्यानं चालून मोजलेली वेळ आहे ती! मी एक्क्याऐंशीची. चालून दाखवते. तू रोपवेनं वर जा आणि घड्याळ बघत बस.” मी तळ्यावर थांबलो. आजी पोचल्या तेव्हा बरोबर सव्वादोन तास झाले होते. “हरलात, आजी!” मी खिदळलो. “दात काढू नकोस. पाव तास मी वाटेतल्या बाकावर बसले होते. पाटीवर फक्त चालणं धरतात, बसणं नाही.” “म्हणजे दमलात ना?” “दमतात तुझे पर्यटक. ही वाट मोजताना त्यानं मला त्याच बाकावर लग्नाची मागणी घातली होती. तो पाव तास त्यानंही धरला नव्हता.”